नोंदणीचा नंबर माझा

घरच्या कॉम्प्युटरला कोणतं अँटीव्हायरस घ्यावं, असं मला आजवर विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना उत्तर हवं होतं. बाकीच्यांना भाव हवा होता. जळगावात माझं दुकान, आठवड्यातून दोन दिवस धुळ्याला फेरी. दोन्हीकडे तऱ्हा एकच. खोक्यावर छापलेली किंमत बघायची, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, "भाऊ, शेवटचं सांगा." मला त्याचा राग नाही. मी स्वतः कोथिंबिरीची जुडीही भाव केल्याशिवाय उचलत नाही. नरडाण्याजवळच्या खेड्यातून धुळ्याला आलो तेव्हा कॉम्प्युटर क्लासची फी माझ्या ऐपतीबाहेरची होती. मी क्लासच्या मालकाशी ठरवलं, सकाळी झाडू मारीन, मशीन पुसून ठेवीन, दुपारी जे मशीन रिकामं असेल त्यावर मला बसू द्यायचं. तेवढ्या भांडवलावर मी दुकान उभं केलं. मला कुणी फुकट काही दिलेलं नाही, आणि मीही कुणाला देत नाही.

या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, वाचकांच्या उपयोगाचं लिहा. तेच आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते उपयोगाचं आहे की नाही, मला माहीत नाही.

अँटीव्हायरस हा दारावरचा राखणदार. त्याच्या खिशात चोरांचे फोटो असतात. रोज नवे चोर निघतात, म्हणून कंपनी त्याला रोज नवे फोटो पाठवते. आपण वर्षाचे पैसे भरतो ते त्या फोटोंचे. मुदत संपली तरी राखणदार दारातच उभा असतो, फक्त जुने फोटो घेऊन. नवा चोर त्याला नमस्कार करून आत जातो. आणि एका दाराला राखणदार एकच ठेवावा. हे शेवटचं लोकांना पटत नाही.

धुळ्याच्या देवपुरात एक नाना होते, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले कारकून. त्यांचं मशीन सुरू व्हायला एवढा वेळ लागे की मधल्या वेळात त्यांची देवपूजा आटपे. मी जाऊन पाहिलं तर आत चार अँटीव्हायरस. एक माझं, एक पुतण्याने टाकलेलं, एक फुकटचं, आणि चौथं कुठून आलं ते नानांनाही माहीत नव्हतं. मी त्यांना राखणदाराचं सांगितलं, म्हटलं, नाना, हे चौघे एकमेकांनाच चोर समजून धरून बसलेत.

नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, चार-चार राखनदार शेतस, आनि बठ्ठा मारामाऱ्या करतस?"

मी तीन काढून टाकले आणि माझे पैसे सांगितले. नाना खुर्चीतून उठलेच. "लावाना पैसा दिन्हात, आते काढाना बी देऊ?"

अर्धा तास भांडून आम्ही मधल्या आकड्यावर आलो. जाताना त्यांनी मला शेवेचा डबा दिला. ही भांडणं अशीच असावीत. दोघांनाही ठाऊक असतं की शेवटी कुठेतरी थांबायचं आहे. ज्या भांडणात मी थांबलो नाही, ते आता सांगतो.

त्याआधी माझ्या रागाचं मूळ सांगायला हवं. ज्या कंपनीचा माल मी विकत होतो, तिचं नाव इथे लिहीत नाही. सुरुवातीला तिला खानदेशात कुणी ओळखत नव्हतं. जामनेरपासून शिरपूरपर्यंत मोटरसायकलवर खोकी बांधून मी ते नाव घरोघर नेलं. लोक विचारायचे, हे दिसत नाही, वाजत नाही, मग पैसे कशाचे? मी त्यांच्या ओट्यावर बसून तासन्‌तास समजावलं. कंपनीने मला व्यासपीठावर बोलावून भिंतीवरचं घड्याळ आणि चाकांची बॅग दिली. आणि गिऱ्हाईक तयार झाल्यावर एके दिवशी त्यांनी मशीनच्या पडद्यावरच एक बटण आणलं, "नूतनीकरण करा". दाबलं की पैसे थेट कंपनीला. भावही असा की तेवढ्यात मला स्वतःला माल मिळत नव्हता. केळीला पाणी आम्ही घातलं, घड त्यांनी कापून नेला. मी मुंबईच्या ऑफिसात फोन करून शिव्या दिल्या. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, तुमची तक्रार नोंदवली आहे." ती अजून नोंदवलेलीच आहे.

मग मी माझा बंदोबस्त केला. अँटीव्हायरस चालू करताना गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर द्यावा लागतो. मी सगळीकडे माझा नंबर टाकायला लागलो. मुदत संपत आल्याचा निरोप मला येई, गिऱ्हाइकाला नाही. कुणी परस्पर नूतनीकरण करायला गेलं, तर खात्रीसाठीचा ओटीपी माझ्याच मोबाईलवर पडे. शिवाय पडद्यावर येणाऱ्या सूचना मी बंद करून ठेवत असे, म्हणजे ते बटण कुणाच्या नजरेस पडायला नको. विंडोजचं स्वतःचं जे संरक्षण असतं तेही बंद करत असे, मशीन हळू चालतं असं सांगून. मुदत संपायच्या आठवडाभर आधी मी स्वतः फोन करायचो, जायचो, भाव करायचो, वर्ष वाढवून द्यायचो. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मी वेळेवर जात होतो तोवर.

जळगावातल्याच मेहरूण भागातले सत्तारभाई माझं जुनं गिऱ्हाईक. लेडीज टेलर. हात असा की शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बायका त्यांच्याकडे कपडे टाकायला यायच्या. त्यांची मुलगी शाहीन घरी बसून कॉम्प्युटरवर भरतकामाची डिझाइनं करायची. या कामाला पंचिंग म्हणतात. कागदावरची वेल किंवा बुट्टी घ्यायची आणि मशीनच्या सुईने कुठून सुरू करून कुठे वळायचं, कुठे दोरा तोडायचा, हे टाक्याटाक्याने कॉम्प्युटरवर आखायचं. एक मोठं डिझाइन म्हणजे चार-पाच दिवसांची बैठक. ती फाईल भरतकामाच्या मशीनला दिली की तेच डिझाइन हजार कपड्यांवर उमटतं. शाहीन सहा वर्षं हे करत होती. सुरतेचा एक कारखानदार तिच्याकडून डिझाइनं घ्यायचा. लग्नसराईसाठी त्याने मोठी ऑर्डर दिली होती, आणि ती पुरी झाली की बापलेक स्वतःचं भरतकामाचं मशीन घेणार होते. मशीनवाल्याला बयाणा देऊन झाला होता. घरात चर्चा दुसरी नव्हती. मी गेलो की शाहीन मला पडद्यावर मोरपिसं दाखवायची आणि म्हणायची, "काका, हे बघा, यात एकही टाका उपरा नाही."

बाहेरची हार्डडिस्क मीच तिला विकली होती. सगळ्या फाईलींची दुसरी प्रत तिच्यात. दरवेळी डिस्क काढघाल करायला शाहीन कंटाळायची. मी म्हटलं, लावूनच ठेव, काय होतंय.

तिच्या अँटीव्हायरसची मुदत संपायला महिना असताना सत्तारभाई दुकानात आले. दुकानात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्या भाच्याने इंटरनेटवरचा भाव सांगितला होता.

"भाऊ, आप तो हमसे दुगना लेते रहे," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकलं.

"मग तिकडून घ्या," मी म्हणालो. "बिघडलं की त्यालाच बोलवा, इंटरनेटवाल्याला. येईल मेहरूणला."

"तसं नाही भाऊ. पण माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, कापड हातात घेऊन बघतं, शिलाई ओढून बघतं. तुमचा माल ना दिसतो, ना हाताला लागतो. फक्त तुमच्या बोलण्यावर पैसे द्यायचे. आणि बोलणं असं निघालं."

ते खरं होतं, म्हणूनच लागलं. कंपनीवरचा सगळा राग माझ्या तोंडात आला. मी म्हणालो, "चिंध्या जोडणाऱ्याने मला धंदा शिकवू नये."

सत्तारभाईंनी टोपी सरळ केली. "आता तुमची पायरी चढलो तर नाव बदला माझं."

"याल," मी म्हणालो. "झक मारत याल."

महिना गेला. मुदतीचा निरोप माझ्या मोबाईलवर आला, पुन्हा आला, तिसऱ्यांदा आला. दरवेळी मला वाटलं, येऊ दे त्याला. मुदत संपून दोन दिवस झाल्यावर दुपारी, मी एका मशीनचा पंखा बदलत असताना ओटीपी आला. कंपनीकडून, नूतनीकरणासाठी. त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची मुदत संपलेली नव्हती, आणि मुदतीची तारीख शाहीन वहीत लिहून ठेवायची. कोण पलीकडे बसून वाट बघतंय, हे मला स्वच्छ कळलं. पाठोपाठ शाहीनचा फोन. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला आणि पंख्याचे स्क्रू आवळत बसलो. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे लिहायला जड जातं, पण बरं वाटलं होतं.

नऊ दिवसांनी सत्तारभाईंचा भाचा पळत दुकानात आला. मी त्याच्या मागे गाडीवरून मेहरूणला गेलो. शाहीन कॉम्प्युटरसमोर उभी होती, बसलेली नव्हती. ऑर्डरचे नमुने जोडलेले असावेत असं वाटणारी एक ईमेल तिला आली होती. फाईल उघडली. काही झालं नाही असं वाटून ती जेवायला गेली. परत आली तेव्हा प्रत्येक डिझाइनच्या नावापुढे एक अगम्य शेपूट लागलेलं होतं आणि एकही फाईल उघडत नव्हती. पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी: फाईली कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर परदेशी डिजिटल चलनात इतके पाठवा.

"हार्डडिस्क?" मी विचारलं.

"लावलेलीच होती," ती म्हणाली.

तीही कुलूपबंद. मी मशीन बंद केलं, डिस्क काढली, दुकानात नेली. चार दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. पुण्याच्या ओळखीच्या माणसाला दाखवलं. त्याने सांगितलं, हा प्रकार नवा आहे, याची किल्ली कुणाकडे नाही. नूतनीकरण झालेलं असतं तर अँटीव्हायरसने पकडलं असतं का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, बहुतेक पकडलं असतं, कारण त्याची ओळख आठवडाभरापूर्वीच आली आहे. बहुतेक, असं तो म्हणाला. मी त्या एका शब्दावर पुष्कळ दिवस काढले.

सत्तारभाई शिलाईची दोन मशीनं विकून खंडणी भरायला निघाले होते. मी भरू दिली नाही. पैसे घेऊन किल्ली न देणारे मी पाहिले आहेत. तो सल्ला बरोबर होता, असं मला अजूनही वाटतं.

सुरतेच्या कारखानदाराने आठ दिवसांची मुदत दिली. शाहीनने रात्रंदिवस बसून दोन डिझाइनं नव्याने केली. ऑर्डर चाळीसची होती. त्याने दुसऱ्याला दिली. बयाणा मशीनवाल्याने परत केला नाही. महिन्याभरात शाहीन एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला लागली, दुसऱ्याच्या मशीनवर दुसऱ्याची डिझाइनं चढवायला.

त्यानंतर एका सकाळी सत्तारभाई माझ्या दुकानाची पायरी चढले. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता कॉलर धरणार. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"भाऊ, गलती मेरी. पोरगी म्हणत होती, अब्बा, काकांकडे जाऊन या, मुदत संपली आहे, माझ्याकडून होत नाहीये. मी म्हटलं, त्या माणसाच्या दारात जाणार नाही, कॉम्प्युटर चालतोय ना? चालू दे. मी आलो असतो तर तुम्ही करून दिलं असतं. मला माहीत आहे. जीभ तिखट आहे तुमची, पण काम तुम्ही करून दिलं असतं."

मी त्यांना बसवलं. चहा मागवला. आणि म्हणालो, "होतं असं, सत्तारभाई. मनाला लावून घेऊ नका."

हे वाक्य मी बोललो. मला ते कुणी बोलायला लावलं नव्हतं. चहा पिऊन ते गेले आणि मी कपाटातून सगळ्या गिऱ्हाइकांची यादी काढली. एकेकाला फोन करून नोंदणीचा नंबर बदलून दिला, सूचना चालू केल्या, हार्डडिस्क काम झालं की काढून कपाटात ठेवायला सांगितली. त्यातले निम्मे पुढे परस्पर इंटरनेटवर गेले, जायचेच होते. कंपनीवरचा माझा राग त्याने कमी झालेला नाही. तिने माझ्याशी बेइमानी केली ती केलीच. पण शाहीनचा फोन वाजत होता तेव्हा टेबलापाशी कंपनी बसलेली नव्हती.

वाचकाला सांगायचं ते एवढंच आहे. अँटीव्हायरस कोणतंही घ्या, माझ्याकडून घ्या की दुसऱ्याकडून, नोंदणी कुणाच्या नंबरावर आहे ते विचारा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

खरं सांगायचं मी पंधरा-वीस दिवस टाळलं. मग एका दुपारी मेहरूणला गेलो. दार शाहीनने उघडलं. तिची दुपारपाळी होती, हातात डबा होता. सत्तारभाई आत नमाज पढत होते. मी उभ्या उभ्याच म्हणालो, "शाहीन, त्या दिवशी ओटीपी मला आला होता. तुझे फोनही वाजले. मी मुद्दाम उचलले नाहीत."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं?"

"नंबरचे शेवटचे चार आकडे दिसतात पडद्यावर. तुमचा नंबर पाठ आहे मला, काका. कधीही काही झालं की तुम्हालाच लावत होते ना."

"मग अब्बांना का नाही सांगितलंस? ते स्वतःला दोष देत फिरतायत."

तिने डब्याचं झाकण घट्ट केलं. सत्तारभाई बाहेर आले. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. जे तिला सांगितलं तेच त्यांना सांगितलं, नोंदणीच्या नंबरापासून उलट्या ठेवलेल्या मोबाईलपर्यंत. ते ऐकत राहिले. मी पहिला शब्द काढला तेव्हा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो तिथेच राहिला. सगळं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुलीकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"दोन महिने मी या घरात मान वर करून जेवलो नाही, बेटा."

"मीही फोन लावत बसले होते, अब्बा," शाहीन म्हणाली. "एक जण उचलत नव्हता आणि एक जण जात नव्हता. कुणा एकाला का सोडवू?"

तिने पायात चपला घातल्या. दारात एकदा थांबली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल. ती म्हणाली, "बस निघून जाईल," आणि जिना उतरली.

सत्तारभाईंनी खुर्चीवरचा हात काढला, पण बसा म्हणाले नाहीत. मीही निघालो नाही. कॉम्प्युटरच्या टेबलावर आता शिवायला आलेल्या कपड्यांचे गठ्ठे होते, छतापर्यंत. आम्ही दोघं तिकडे तोंड करून उभे राहिलो.